फ्रीज उघडण्याआधी विचारणारी आई

बेळगावच्या एका वाचकाचे लांबलचक पत्र आले आहे. त्याचा सारांश त्यांच्याच शब्दांत असा :

«माझे वय बेचाळीस. वडगावला राहतो आणि उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचे मूळ गाव निपाणी. १९९५ मध्ये वडील गेले, तेव्हा आई तंबाखूच्या वखारीत कामाला जात होती. १९९७ मध्ये ती घरकामासाठी कुवेतला गेली आणि २०२० मध्ये कायमची परत आली. मधल्या तेवीस वर्षांत ती नऊ वेळा सुट्टीवर आली. ती गेली तेव्हा अक्का सतरा वर्षांची, दादा पंधराचा आणि मी तेराचा होतो. आम्हाला आजीने सांभाळले. आईच्या पैशावर दादा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, माझा डिप्लोमा झाला, अक्काचे लग्न गडहिंग्लजला झाले, आणि निपाणीत आईच्या नावावर तीन खोल्यांचे घर उभे राहिले. परत आल्यापासून ती माझ्याकडे आहे, पण पाहुण्यासारखी राहते. फ्रीज उघडण्याआधी माझ्या बायकोला विचारते. आम्ही दोघे भाऊ तिला दरमहा चार-चार हजार हातखर्चाला देतो, तर ती ते माझ्या मुलीच्या हातात ठेवते. आता म्हणते, 'मी निपाणीला जातो, माझं मी करून खातो.' दादाचे म्हणणे असे की, सदुसष्ट वर्षांच्या आईला एकटी ठेवली तर लोक तोंडात शेण घालतील. आणि निपाणीचे घर तिने आत्ताच आम्हा दोघा भावांना बक्षीसपत्राने देऊन टाकावे, म्हणजे पुढे कचेरीचे हेलपाटे नकोत. तिच्या नऊ लाखांच्या ठेवी एका सौहार्द सहकारी संस्थेत, म्हणजे पतसंस्थेसारख्याच एका संस्थेत, आहेत. आमच्यासाठी एवढा त्याग करणाऱ्या आईचे उपकार कसे फेडावेत? तिला जाऊ द्यावे का?»

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात, सूनबाईंच्या, दोन ओळी आहेत : «मी आईंना कधी काही बोललेले नाही. तरी त्या पहाटे पाचला उठून सगळे घर झाडून काढतात आणि शेजारचे मला नावे ठेवतात.»

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात 'त्याग' हा शब्द सात ठिकाणी भेटला. दुसऱ्या वेळी तो प्रत्येक ठिकाणी झाकून वाचले, तेव्हा पत्रात नेमके काय आहे ते मला नीट दिसू लागले. राग मानणार नसाल तर सांगते, की हा शब्द तुमच्या घरात फार सोयीचा झालेला आहे. ज्याची फेड होऊच शकत नाही असे आपण एकदा म्हणून टाकले, की ज्याची फेड सहज होऊ शकते तेही करायचे राहून जाते. आईचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत असे मानणाऱ्या घरात आईच्या ठेवीची पावती कोणाच्या कपाटात आहे, हे विचारणे क्षुद्रपणाचे वाटते. आणि ते कोणी विचारत नाही म्हणून दादांना बक्षीसपत्राची घाई सुचते आणि तुम्हाला त्यात काही वावगे दिसत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की उपकार फेडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आईशी हिशेब करा.

हिशेब म्हणजे अगदी वही-पेन घेऊन. एखाद्या रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर आईसमोर बसा आणि त्यांना विचारा, की पहिला पगार किती होता, त्यातला घरी किती पाठवला, कोणत्या वर्षी कशासाठी किती लागले. माझा अंदाज आहे की त्यांना सगळे तोंडपाठ असेल. घरकामाला गेलेल्या बाईचा तेव्हाचा पगार चाळीस-पन्नास दिनारांचा असे, म्हणजे त्या काळच्या भावाने पाच-सहा हजार रुपये, आणि निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर बसून मिळणाऱ्या मजुरीपुढे ती रक्कम फारच मोठी होती. त्या का गेल्या याचे उत्तर या फरकात आहे. आजवर तुम्ही त्याला नुसता त्याग म्हणत आला आहात, पण अडतीस वर्षांच्या एका विधवेने पूर्ण विचार करून घेतलेला तो एक धाडसी आर्थिक निर्णय होता, आणि तो त्यांनी तडीस नेला. एवढा व्यवहार एकटीने निभावलेल्या बाईला आज आपण हातखर्चाचे चार हजार देतो आणि 'निपाणीला एकटीला कसे जमणार' असे विचारतो, यातली विसंगती वही समोर आली की आपोआप दिसेल.

त्या वहीत आणखी काही गोष्टी लिहा. नऊ सुट्ट्या, प्रत्येक सुट्टी फार तर दोन महिन्यांची. म्हणजे तेवीस वर्षांतले सगळे मिळून दीड वर्ष त्या तुमच्याबरोबर होत्या. कुवेतमध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो २०१५ मध्ये. आठवड्याची सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, वर्षाला पगारी रजा आणि नोकरी संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, हे हक्क त्या कायद्याने कागदावर आले, आणि साठ दिनारांचे किमान वेतन त्यानंतर, २०१६ मध्ये ठरले. तुमच्या आईंची तेवीसपैकी अठरा वर्षे त्याआधीची आहेत. अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कफिलाच्या, म्हणजे बोलावून घेणाऱ्या मालकाच्या हातात आणि पासपोर्टही बहुधा त्याच्याच कपाटात, अशा स्थितीत ती वर्षे गेली. निघताना त्यांना दर वर्षामागचा तो पगार मिळाला का, हेही विचारा. आता तो वसूल होईल म्हणून नव्हे. मिळाला नसेल तर तेही त्यांनी कोणाला तरी सांगितलेले असावे म्हणून. तिथल्या सरकारचे निवृत्तिवेतन परदेशी कामगाराला नसते, आणि केरळने परदेशातून परतलेल्या कामगारांसाठी कल्याण मंडळ काढून निवृत्तिवेतन सुरू केले तशी सोय आपल्याकडच्या बायांच्या वाट्याला आलेली नाही. म्हणजे पंचवीस वर्षे पोस्टात नोकरी केलेल्या बाईला म्हातारपणी जे आपोआप मिळते, ते तुमच्या आईंना केवळ त्यांनी स्वतः शिल्लक टाकलेल्या पैशातून आणि तुम्हा मुलांकडूनच मिळायचे आहे.

आता त्या फ्रीजविषयी. तुमच्या संपूर्ण पत्रात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला जी पहिली गोष्ट शिकावी लागते ती ही, की या घरातली कोणतीही वस्तू आपली नाही. दूध किती, फळे कोणाची, कोणत्या डब्याला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे तिला पहिल्या आठवड्यात कळते, आणि मग ते बोटांत मुरते. तेवीस वर्षे बोटांत मुरलेली गोष्ट वडगावच्या घरात आल्याबरोबर निघून जाईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे, कारण आईंच्या दृष्टीने पाहिले तर हेही घर दुसऱ्याचेच आहे. त्यातले कपाट सुनेने लावले आहे, डबे सुनेने भरले आहेत, गॅस कुठल्या हाताला आहे हेही त्यांना विचारावे लागले असेल. त्या पहाटे पाचला उठून झाडू हातात घेतात यातही सुनेवरची तक्रार मुळीच नाही. फुकट खाणाऱ्या माणसाने आधी काम करून टाकावे, एवढाच त्यांचा हिशेब आहे. सूनबाईंनी तो स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नये. शेजाऱ्यांना काय बोलायचे ते बोलू द्यावे. वडगावच्या गल्लीत कोणाच्या दारात कोण झाडू मारतो यावर आजवर कोणाचे काही अडलेले नाही.

'आई, हे तुझेच घर आहे' असे तुम्ही त्यांना अनेकदा सांगितले असणार. त्याचा उपयोग झालेला नाही आणि होणारही नाही, कारण आपले घर कोणते हे त्यांना पक्के माहीत आहे. ते निपाणीत आहे. उताऱ्यावर नाव त्यांचे आहे, विटा त्यांच्या पैशाच्या आहेत आणि त्या घरात त्या सुट्टीच्या काही आठवड्यांपलीकडे राहिलेल्याच नाहीत. बाईने घर बांधावे आणि त्याच्या चुलीवर स्वतःचा चहा करायला तिला वीस वर्षे सवड मिळू नये, हे मला तरी अन्यायाचे वाटते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की त्यांना जाऊ द्या. 'जाऊ द्या' हा शब्दही खरे तर बरोबर नाही, कारण परवानगी देणारे आपण नव्हे. त्यांना पोहोचवायला जा.

'लोक काय म्हणतील' याचे उत्तर दादांनी पुण्यातून शोधायचे नाही. निपाणीचे लोक जे म्हणतील ते तुम्ही महिन्यातून किती वेळा तिथे दिसता यावर ठरेल. बेळगाव-निपाणी अंतर पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास, सगळा हमरस्ता. सकाळी निघून दुपारचे जेवण आईच्या हातचे खाऊन संध्याकाळी परत येता येते. महिन्यातले दोन रविवार ठरवून टाका, आणि कारखान्यात ओव्हरटाइम आहे म्हणून ते चुकवू नका. एकटेपणाची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. न्हाणीघरात घसरून पडणे ही या वयातली सर्वांत मोठी भीती, म्हणून जाण्याआधी गवंडी बोलावून न्हाणीघराच्या भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या, गुळगुळीत फरशी बदलून खरखरीत घाला, रात्रीचा दिवा अंथरुणावरून हात पोहोचेल असा लावा. घराची एक किल्ली शेजारी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. सकाळी आठला एक फोन तुमचा, रात्री एक दादांचा. 'जेवलीस का' एवढे विचारून ठेवून दिला तरी चालेल, पण तो चुकला तर शेजारी चौकशीला जायला हवे, असे आधीच बोलून ठेवा. नियमित गोळ्या असतील तर निपाणीतलाच एक डॉक्टर ठरवा. मोठे दुखणे निघाले तर केएलई किंवा सरकारी बिम्स या रुग्णालयांसाठी बेळगावला यायचेच आहे, आणि तेव्हा त्या तुमच्याकडेच राहतील.

आता एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही पण तुमच्या पत्रात आहे. निपाणीला जाण्याचा आईंचा हट्ट मला नकाशावर पाहून अधिक कळला. गडहिंग्लज बेळगावहून जितके दूर, तितके ते निपाणीहून नाही. बेळगावात राहून लेकीकडे जायचे म्हणजे मुलाला गाडी काढायला सांगावी लागते. निपाणीहून त्या बसने स्वतः जाऊ शकतात. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून संकेश्वरपर्यंत त्यांना तिकीट नाही, आणि हद्द ओलांडल्यावर महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. दोन राज्यांनी एवढ्या वर्षांत आपल्या भागासाठी काय केले असे कोणी विचारले तर हा एक प्रवास मी आवर्जून सांगेन.

पण मुद्दा बसचा नाही, अक्काचा आहे. तुमच्या चार पानी पत्रात अक्काचे नाव दोनदा येते : एकदा वय सांगताना आणि एकदा लग्न सांगताना. आई गेल्या तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आजीने सांभाळले असे तुम्ही लिहिता. ते खरेच असेल, पण म्हाताऱ्या आजीच्या घरात दोन वाढत्या मुलांच्या भाकऱ्या कोणी थापल्या, शाळेचे कपडे कोणी धुतले, तुम्हाला ताप आला तेव्हा रात्री कोण जागले, हे एकदा आठवून पाहा. आईंच्या पैशावर दादा इंजिनिअर झाले आणि तुमचा डिप्लोमा झाला असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे, आणि त्याच वाक्यात अक्काच्या वाट्याला लग्न आले आहे. तिचे शिक्षण कोणत्या इयत्तेत थांबले ते पत्रात नाही. तुमच्या आईंना ते माहीत आहे. लेकीच्या जवळ जाऊन राहण्याची त्यांची ओढ निदान काही अंशी त्या थांबलेल्या वर्षाशी जोडलेली असावी, असा माझा तर्क आहे. चुकत असेन तर आनंदच आहे. पण वही घेऊन बसाल त्या रविवारी अक्कालाही बोलवा.

आणि म्हणूनच ते बक्षीसपत्र तूर्त करू नका. दादांच्या मनात वाईट आहे असे मी म्हणत नाही. कागद वेळेत व्हावेत असे इंजिनिअर माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. पण बक्षीसपत्र नोंदले गेले की त्या दिवसापासून घर आईंचे राहत नाही, त्या स्वतःच्याच घरात पुन्हा दुसऱ्याच्या घरी राहायला जातील, आणि फ्रीजची गोष्ट तिथेही सुरू होईल. शिवाय 'आम्हा दोघा भावांना' या शब्दांत अक्का नाही. आईंनी काहीच लिहून ठेवले नाही, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित घरात तुम्हा तिघांचा सारखा वाटा आहे. त्यांना वेगळे काही करायचे असेल तर मृत्युपत्राचा मार्ग आहे. ते साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिता येते. दोन साक्षीदारांच्या समोर सही करावी लागते आणि त्या दोघांच्याही सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण सबरजिस्ट्रार कचेरीत करून घेतलेली बरी, आणि त्या वयात डॉक्टरांचा दाखला जोडलेला अधिक बरा. मृत्युपत्राचा खरा फायदा असा की ते हयातीत कधीही बदलता येते आणि तोपर्यंत घर त्यांचेच राहते. ते लिहिताना तुम्ही भाऊ खोलीत नसावेत, एवढे मात्र पाळा.

उद्या त्यांनी स्वतःच्या मनाने बक्षीसपत्रच करायचे ठरवले, तर त्यांच्या वतीने एक गोष्ट मी सांगून ठेवते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे मुलाने सांभाळ करावा या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. पण ती अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या बाजूने निकाल देताना त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावला पाहिजे असेही म्हटले, आणि मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. पण त्या आईकडेही मुलाने सांभाळाचे लिहून दिलेला कागद होता. तेव्हा अट दस्तातच लिहिलेली असावी, आणि हयातभर राहण्याचा त्यांचा हक्कही. आपल्याकडे दस्त कन्नडमध्ये तयार होतो आणि सही मराठीत होते. सही करण्याआधी तो दस्त ओळीने वाचून, मराठीत अर्थ सांगून घ्यावा, आणि सांगणारा माणूस लाभार्थी नसावा. असले अर्ज चालवणारे न्यायाधिकरण निपाणीसाठी चिक्कोडीच्या प्रांत कचेरीत असते. तुमच्या घरावर ती वेळ येणार नाही हे मी जाणते. रस्ता कुठे आहे एवढे आईंना माहीत असावे म्हणून लिहिले.

आता ठेवी. मी बँकेत एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे या विषयावर माझे थोडे अधिक बोलणे होईल, ते सहन करा. आपल्या जिल्ह्यात सौहार्द संस्था गल्लोगल्ली आहेत, त्यांतल्या कित्येक उत्तम चालतात, आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी माणसे तिथे जातात. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, तसे ते सौहार्द किंवा पतसंस्थेतल्या ठेवीला नसते. तरुण माणसाने तो धोका पत्करावा. सदुसष्टाव्या वर्षी, निवृत्तिवेतन नसताना, आयुष्याची सगळी शिल्लक एकाच अशा ठिकाणी ठेवणे मला मान्य नाही. घाबरून मुदतीआधी मोडू नका. ज्या पावतीची मुदत संपेल ती काढून पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि हे लिहिताना तोच धरून मी गणित केले आहे. खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे कायम राहतो आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते. नऊपैकी दीड लाख दुखण्याखुपण्यासाठी बँकेत हाताशी ठेवले आणि साडेसात लाख या योजनेत टाकले, तर तिमाहीला १५,३७५ रुपये येतील, म्हणजे महिन्याला पाच हजारांवर थोडे. त्यात तुम्हा भावांचे आठ हजार. स्वतःच्या घरात राहणाऱ्या एकट्या बाईचा निपाणीतला महिना तेवढ्यात मानाने निघतो. कुवेतच्या काळातले अनिवासी खाते अजून तसेच चालू असेल, तर तेही बँकेत सांगून साधे करून घ्या. परत येऊन इतकी वर्षे झाल्यावर ते तसे ठेवणे नियमात बसत नाही.

त्या आठ हजारांविषयी मात्र एक बदल हवा. तुम्ही ते हातात देता, म्हणून त्या ते नातीच्या हातात देतात. दर महिन्याच्या एक तारखेला, कोणी न सांगता, त्यांच्या खात्यात जमा व्हावेत अशी बँकेत कायमची सूचना देऊन ठेवा, आणि त्याचे काय केले हे कधीही विचारू नका. माझ्या काउंटरवर एक म्हातारी बाई दरमहा मुलाबरोबर यायची. मुलगा चिठ्ठी भरायचा, ती अंगठा उठवायची, नोटा मी मुलाकडे सरकवायची. वर्षभर असे चालले होते. एका महिन्यात तिने काचेच्या खालून हात आत घातला आणि म्हणाली, 'बाई, एकदा माझ्या हातात द्या, मोजून बघतो.' तिने तिथेच उभी राहून सगळ्या नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, मागे रांग खोळंबली होती, आणि मग त्या मुलाच्या हातात दिल्या. त्या दिवसानंतर मी नोटा तिच्याकडे सरकवू लागले. हे मला आधी का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात सांगते. पासष्टीनंतर कर्नाटकाच्या संध्या सुरक्षा योजनेत महिन्याला १,२०० रुपये मिळतात आणि अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तिथल्या स्थानिक महसूल कचेरीत होतो, पण तिला उत्पन्नाची आणि ठेवींची मर्यादा आहे. तुमच्या आईंच्या ठेवी पाहता त्या तिच्यात बसत नाहीत. ठेवी लपवून अर्ज करून देतो असे सांगणारा एजंट भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवा.

राहता राहिली सोय-गैरसोय. निपाणीला जायचा दिवस आईंना ठरवू द्या आणि त्या दिवशी तुम्ही, सूनबाई आणि मुलगी असे तिघेही बरोबर जा. भांडी इकडून भरून नेऊ नका. पातेली, तवा, परात आणि फ्रीज त्यांना निपाणीच्या बाजारात स्वतः निवडू द्या, दुकानदाराशी घासाघीस करू द्या, आणि फ्रीजचे पैसे त्यांनी स्वतः काढून दिले तर मध्ये पडू नका. सूनबाई, तुम्हाला एक वेगळे सांगायचे आहे : पुढच्या खेपेला निपाणीला गेलात आणि दूध काढायचे झाले, तर आधी त्यांना विचारा.